अर्जावर नाव कोणाचे?



या वेळी घरातलीच गोष्ट लिहितो आहे. लिहू की नको, असे दोन आठवडे चालले होते. शेवटी पत्नीनेच सांगितले, "लिहा, पण खरं लिहा. स्वतःला शहाणं करून लिहू नका." ही सूचना पाळण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रभागांची आरक्षण सोडत झाली. ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठ्यांच्या घड्या घालून डब्यात टाकल्या आणि प्राथमिक शाळेतल्या एका लहान मुलाने हात घालून एकेक चिठ्ठी बाहेर काढली. आमच्या वस्तीच्या प्रभागातली अनुसूचित जातीची जागा स्त्रीसाठी निघाली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, पण हात जड झाले होते. कारण त्या जागेवर गेली दोन वर्षे माझा डोळा होता.

डोळा होता हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. आपण समाजकार्य करणारी माणसे 'पदाची अपेक्षा नाही' असे भाषणात म्हणतो आणि घरी येऊन मतदारयादी उघडतो. वस्तीत कुणाचा जातीचा दाखला असो, शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, संजय गांधी निराधार योजनेचे प्रकरण असो, मी रजा टाकून कचेरीत जात होतो. आमचे गाव बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ. त्यामुळे कधी बारामतीला खेप, कधी नात्यातल्या लेकी-सुनांच्या कामासाठी इंदापूरला. हे सगळे मनापासून केले. पण मनाच्या एका कोपऱ्यात उद्याच्या मतांचा हिशेबही चालू होता. बी.कॉम. झालेला कारकून माणूस, जमाखर्च डोक्यातून जात नाही.

सोडतीनंतरच्या रविवारी विहारात वंदना झाली आणि मंडळी तिथेच सतरंजीवर बसली. आमच्यातले एक वडीलधारे, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते म्हणाले, "त्यात काय एवढं? वहिनींना उभं करा. नाव त्यांचं, कारभार तुम्ही बघा. सगळीकडं असंच चालतंय." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मी म्हणालो, "बघू, कागद गोळा करायला लागतो."

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. नळावर पोहोचलेली बातमी आमच्या वस्तीत रेडिओपेक्षा लवकर पसरते. पत्नी शिलाई मशीनवर बसली होती. आई बाजेवर होती. मशीन थांबवून पत्नीने विचारले, "अहो, मला उभं करणार म्हणे. मला विचारलं का कुणी?"

मी म्हणालो, "आता विचारतोय की."

"आता न्हाई, तिथं विहारात म्हणायचं होतं, की घरी विचारून सांगतो. अर्जावर नाव माझं आणि खुर्ची तुमची, असं असंल तर मला नको. दुसरी कोण असंल तिला उभी करा. मी तिचा प्रचार करीन."

आई बाजेवरून एवढेच म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतीय." सून बोलते तेव्हा आमच्या आईला ती पोरगी वाटते, आणि मी बोलतो तेव्हा मात्र 'तुला काय कळतंय'.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःला विचारत होतो, मला सदस्य का व्हायचे होते? त्याचे उत्तर वाचकांना सांगायला हवे, म्हणजे पुढचे कळेल.

माझे आजोबा वतनदार महार. येसकरकीचे काम त्यांच्याकडे फिरून यायचे. तालुक्याचा टपाल-हुकूम आणायचा, सरकारी माणूस गावात आला की त्याच्यापुढे पळायचे, गावात कुणी मेले तर सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जायचे. चावडीची सगळी कामे आजोबांच्या पायांवर चालत, पण आजोबांचे पाय चावडीच्या पायरीवर कधी गेले नाहीत. हुकूम खाली उभे राहून ऐकायचा. मुंबई राज्याने १९५८ मध्ये कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून ही कनिष्ठ वतने खालसा झाली. बाबासाहेबांनी १९२८ पासून ज्या महार वतनाविरुद्ध विधिमंडळात झगडा मांडला होता, त्याचा शेवट त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. आजोबांनी त्यानंतर चावडीकडे जाणेच सोडले. आज त्याच जागी ग्रामपंचायतीचे कार्यालय आहे.

वडील एका साखर कारखान्यावर हंगामी कामगार. हंगाम संपला की कालव्याच्या कडेच्या बागायतीत मजुरी. मी बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात बी.कॉम. केले आणि एका पतसंस्थेत कारकून म्हणून चिकटलो. तेव्हापासून आजतागायत दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करतो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीकडे येणारा रस्ता काँक्रीटचा झाला. म्हणजे कागदावर झाला. प्रत्यक्षात निम्म्यावर येऊन थांबला. गावाचे नाव इथे लिहीत नाही, माणसांची तर नाहीच. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, त्याचा अर्ज टाकला. महिनाभराने नकला मिळाल्या. मोजमाप पुस्तिकेत पूर्ण लांबी लिहिलेली, बिल पूर्ण निघालेले, ठराव एकमताने मंजूर. ठरावाखाली आमच्या वस्तीतून निवडून गेलेल्या सदस्याचीही सही होती. मी तक्रार केली. चौकशीला साहेब आले, चहा घेऊन गेले. रस्ता अजून तिथेच थांबलेला आहे.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. समाजसेवक पैसे खर्च झाल्यावर कागद मागतो. सदस्याच्या पुढे तो कागद पैसे खर्च होण्याआधी येतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावे लागतात. शिवाय अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, जिला आपण अजून दलित वस्ती सुधार म्हणूनच ओळखतो. घरकुलासाठी रमाई आवास आहे. यातले कोणते काम आधी, कोणते नंतर, कुणाच्या दारापर्यंत, हे मासिक सभेत ठरते. त्या सभेत बाहेरच्या माणसाला आवाज नाही. मला त्या टेबलाशी बसून जमाखर्च वाचायचा होता. आजोबा ज्या पायरीखाली उभे राहिले तिथे खुर्चीवर बसायचे होते, हेही आतून होते. ते लपवत नाही.

आता पत्नीचे. तिच्याबद्दल लिहिताना माझ्या लक्षात आले, की सोबत संसार करून इतकी वर्षे झाली तरी मी तिला कधी 'सामाजिक कार्यकर्ती' म्हटलेले नाही. तो शब्द मी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

तिचे माहेर इंदापूर तालुक्यात भीमेकाठी. जुने गाव उजनीच्या पाण्यात गेले. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, पाणी फुगत आले आणि माणसे सामानसुमान घेऊन वरच्या माळावर नव्या गावठाणात आली. तिचा जन्म नव्या गावठाणातला. पुनर्वसनात ज्यांची जमीन गेली त्यांना जमीन मिळायची होती, त्यातल्याही कितीतरी जणांनी त्यासाठी हेलपाटे घातले. तिच्या वडिलांची जमीनच नव्हती. नदीकाठच्या मळ्यात ते मजुरीला होते. मळा बुडाला, मालकाला मोबदला मिळाला, मजुराची मजुरी बुडाली ती कुठल्याच नोंदीत आली नाही. सासूबाई डोक्यावर हंडा घेऊन माळावरून धरणाच्या पाण्यापर्यंत उतरायच्या. डोळ्यांपुढे समुद्रासारखे पाणी आणि घरात प्यायला नाही, हे बघत ती मोठी झाली. दहावीपर्यंत शिकली.

आमच्याकडे आल्यावर तिने शिवणकाम सुरू केले, नंतर बायकांचा बचत गट उभा केला. कुणाची लेक बाळंतपणाला अडली तर रात्री टेम्पो बघून तिच्याबरोबर दवाखान्यात जाणारी हीच. एका पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले होते, तिच्या आईला चार संध्याकाळी समजावून ते थांबवणारीही हीच. मला हे सगळे 'घरातल्या बायकांची मदत' या सदरात वाटत होते.

त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "अगं, वस्तीतल्या त्या म्हाताऱ्या मावशींचं निराधारचं प्रकरण मी मंजूर केलं, म्हणून तर लोक मला मानतात."

ती म्हणाली, "फॉर्म तुम्ही भरला. मंजूर व्हायला सात महिने लागले. सात महिने मावशीला भाकरी कुणी दिली, ते तुमच्या फायलीत न्हाई."

आणखी एक गोष्ट त्याच बोलण्यात बाहेर आली. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? मला कायद्याने ठाऊक होते, पण आमच्या गावात ती भरते आणि पत्नी तिथे जाते हे ठाऊक नव्हते. ती मी कामावर असताना भरते. तिथे तिने वस्तीच्या नळाबद्दल उभे राहून विचारले होते. उत्तर मिळाले नाही, पण तिने विचारले ते कार्यवाहीच्या वहीत लिहून घ्यायला लावले होते. मी विचारले, "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही कुठं विचारलं?"

आता बारामतीच्या जुन्या काळातली एक गोष्ट सांगतो. बारामतीहून इंदापूरकडे एस.टी.ने निघाले की थोड्याच वेळात काटेवाडी लागते. पुढे भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी. या रस्त्याने तुकोबांची पालखीही जाते आणि आमच्यासारखे नोकरदारही जातात. काटेवाडीच्या शारदाबाई गोविंदराव पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. शरद पवारांच्या त्या आई. आजच्या कोणत्याही पक्षाशी या मजकुराचा संबंध नाही, हे आधीच सांगतो. आपल्या पानावर दुसऱ्यांचे कौतुक कशाला, असे कुणाला वाटेल. पण ज्या काळात बाईने सभेत जाणे हाच मोठा गुन्हा वाटे, त्या काळात आपल्याच तालुक्यात हे घडले, तर ते आपल्या लेकींना ठाऊक असावे.

शारदाबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९११ चा, कोल्हापूरकडचे गोलिवडे हे गाव. वडिलांचे छत्र लवकर गेले. बहिणीच्या आधाराने पुण्यात राहून त्या सेवासदनात शिकल्या. खेड्यातली पोरकी मुलगी त्या काळात शाळेत बसली, याचे सगळे पुढचे आयुष्य त्यावर उभे राहिले. लग्न होऊन बारामतीकडे आल्या. गोविंदराव नीरा कॅनॉल सहकारी खरेदी-विक्री संघात नोकरीला. म्हणजे नवरा संस्थेच्या वह्या आणि व्यवहार बघणारा नोकरदार, आणि बाई लोकल बोर्डात. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमच्या घराचा नकाशाच!

लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचा पूर्वज. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी जिल्ह्याचे रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी यांचे काम लोकल बोर्डाकडे असे. कुणी चिठ्ठी काढून शारदाबाईंना जागा दिली नव्हती. १२ डिसेंबर १९४० रोजी मुलगा झाला आणि तीन दिवसांच्या बाळाला घेऊन त्या पुण्याला बोर्डाच्या सभेला हजर राहिल्या, ही गोष्ट त्या मुलाने पुढे अनेकदा सांगितली आहे. बाळंतीण बाई तीन दिवसांत सभेला जाते म्हणजे तिला त्या सभेत आपल्या नावाचे, आपल्या हाताने करायचे काम होते. नुसते नाव असते तर निरोप पाठवून भागले असते.

मी हे घरी सांगितले. आईने विचारले, "बाळंतिणीला थंडीत कुणी जाऊ दिलं?" पत्नीने वेगळेच विचारले. "त्यांचे मालक बसायचे का सभेला त्यांच्या शेजारी?"

मी म्हणालो, "सभासद नसलेल्याला बोर्डाच्या सभेत कसं बसता येईल?"

"मग झालं की," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केली.

पण मला एक फरक दिसत होता आणि तो मी तिच्यापाशीही बोललो. शारदाबाईंच्या मागे घर होते, शेती होती, गावात वजन असलेली जात होती. आपल्या बाईच्या मागे काय? बाबासाहेबांनी नेमके हेच ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते. पुणे करारावर सह्या होऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात ग्रामपंचायतीचे विधेयक आले. गावाला स्वराज्य मिळणार म्हणून बाकीचे खूष. बाबासाहेबांनी विरोध केला. प्रत्येक गावात अस्पृश्यांची घरे मूठभर, पोट गावावर अवलंबून. सगळ्यांना मताचा अधिकार दिला तरी मूठभरांचा माणूस निवडून येणार नाही. म्हणून राखीव जागा दिल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या हातात सत्ता आणि न्यायनिवाड्याचे अधिकार देऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. घटना समितीतही ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खेडे खरोखर कसे असते ते सुनावले. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि गावोगावच्या पंचायतीत लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा व त्यात स्त्रियांचा वाटा ही गोष्ट घटनेतच लिहिली गेली. १९३२ ची मागणी १९९३ ला पुरी झाली, एकसष्ट वर्षांनी. २०११ पासून महाराष्ट्रात स्त्रियांचा वाटा निम्मा झाला.

आणि एकसष्ट वर्षांनी मिळालेल्या त्या खुर्चीवर आम्ही म्हणतो, 'नाव तिचे, कारभार माझा.' आपल्या राखीव जागेवर गावातल्या पुढाऱ्याने हो ला हो म्हणणारा माणूस बसवला की आपण चिडतो, त्याला चमचा म्हणतो. मग नवऱ्याने बसवलेल्या बाईला काय म्हणायचे? हा प्रश्न मी रविवारी विहारात विचारला. तात्या थोडे रागावले. म्हणाले, "तुम्ही शिकलेले लोक बोलण्यात सगळं अवघड करून ठेवता." पण शेवटी म्हणाले, "तिला येऊ द्या. तिच्या तोंडून ऐकू."

त्याच्या पुढच्या रविवारी ती आली. भाषण वगैरे काही केले नाही. म्हणाली, "मी उभी राहीन. सभेला मी जाणार, सही मी करणार. हे कुठल्याच सभेला येणार न्हाईत. मला न कळलेलं घरी इचारीन, ते सगळेच इचारतात. आणि वस्तीत दुसरी कोण उभी राहणार असंल तर आधी सांगा, आपसांत बसून ठरवू." दुसरी एक भगिनी इच्छुक आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. एका जागेला आपल्यातून चार अर्ज आणि चौघे पडणार, हा आपला जुना आजार आहे, त्यावर पुन्हा कधी लिहीन. ते बोलणे अजून चालू आहे. कदाचित ती दुसरी भगिनीच उभी राहील. पत्नीला त्याचे वाईट वाटणार नाही असे ती म्हणते. मला वाटेल. माझ्यातला उमेदवार अजून पुरता गेलेला नाही.

मधल्या काळात मी तिला संध्याकाळी अंदाजपत्रक वाचायला शिकवतो आहे. ग्रामपंचायतीचा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ८ म्हणजे घरांच्या आकारणीची नोंदवही, नमुना ९ म्हणजे कराच्या मागणीची. माझ्याकडे माहिती अधिकारात मिळालेल्या जुन्या नकला आहेत. पहिल्या दिवशी ती कंटाळली. दुसऱ्या दिवशी खर्चाच्या पानावर बोट ठेवून वाचत होती, एका ठिकाणी बोट थांबले. "हे काय लिहिलंय, सार्वजनिक नळ दुरुस्ती, आपली वस्ती?"

मी म्हणालो, "हो, त्या वर्षी झाली असेल."

"झाली की. आमच्या गटाच्या पैशातून झाली. पान्हा, वायसर, प्लंबरची मजुरी, सगळं मी दिलंय. वहीत लिहिलंय."

तिने गटाची वही आणली. तारीख, रक्कम, प्लंबरचा अंगठा. तोच नळ, तेच वर्ष. तो कागद मी तीन वेळा वाचला होता, टिपणे काढली होती, बेरजा तपासल्या होत्या. बेरीज बरोबर होती म्हणून पुढे गेलो होतो. नळ कुणी दुरुस्त केला हे मला माहीतच नव्हते. बी.कॉम.च्या पदवीत नळावरची माहिती येत नाही.

आता कागदांचे. जे भगिनी-बंधू अर्ज भरण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली माणसे मतांनी पडण्याआधी छाननीत पडतात. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नसावी. घरी शौचालय असावे आणि त्याचा वापर होत असावा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झालेली नसावी. निवडणूक झाली की, जिंकलात तरी आणि हरलात तरी, खर्चाचा हिशेब मुदतीत द्यायचाच. हिशेब न दिल्यामुळे पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरलेली माणसे आहेत. आणि राखीव जागेसाठी जातीचा दाखला व जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र.

यातच आमचे घोडे अडले आहे. लग्न झालेल्या बाईची जात तिच्या वडिलांकडच्या कागदांवरून सिद्ध करावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, कारण त्या तारखेला अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध'. तिच्या वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. १९५० च्या आधी बौद्ध कोण होते? तेव्हा आजोबांचा 'महार' लिहिलेला कागद हवा. काहीजण म्हणतात, आपण धर्म सोडला, ती जात सोडली, मग तो शब्द पुन्हा कशाला शोधायचा? त्यांचे दुःख मला कळते. पण ज्यांनी हा कागद हलका समजला त्यांचे काय झाले तेही सांगतो. १९६२ मध्ये डी. पी. मेश्राम राखीव जागेवरून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की त्यांनी १९५७ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला होता, सबब ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. निवडणूक रद्द. दीक्षा घेतल्याबद्दल खुर्ची गेली. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या होत्या, पण राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. आज बौद्ध म्हणून राखीव जागेवर उभे राहता येते. त्यासाठी अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेल्या बौद्धांच्या नमुन्यातला दाखला लागतो, हे मात्र पक्के लक्षात ठेवा.

सासरेबुवांचे वडील शाळेत गेलेले नाहीत. चुलत आजोबा दोन इयत्ता शिकले, पण त्यांच्या शाळेचे गाव पाण्याखाली. शाळेचे जुने दप्तर हलवताना कुठले रजिस्टर कुठे गेले, त्याचा पत्ता लागत नाही. राहिले कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. जुन्या नोंदी मोडीत, त्यामुळे वाचणारा माणूसही शोधावा लागतो. सासरेबुवांच्या थोरल्या आत्याचा जन्म त्यात नोंदलेला असावा, असा सासूबाईंचा अंदाज आहे. गाव बुडाले तरी नोंद कोरडी असेल, या आशेवर आहोत.

मी सवयीप्रमाणे म्हणालो, "सोमवारी मी रजा टाकतो, इंदापूरला जाऊन नक्कल घेऊन येतो."

पत्नी म्हणाली, "माझ्या आज्याचं नाव तुम्ही काय शोधणार? मला सगळी नावं पाठ हायत. तुम्ही कामावर जा."

सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने ती इंदापूरला जाणार आहे. सासूबाईंना वाटेत स्टँडवर बोलावले आहे. अर्जाचा नमुना, तिकिटाचे पैसे आणि भाकरी एवढे पिशवीत भरून ठेवले आहे. आईने त्यात चष्माही टाकला आहे. नक्कल मिळाली की नाही, ते पुढच्या अंकात कळवीन.

जय भीम.